ओकच्या खुर्चीची निगा व इतर तरतुदी

मी, निशिकांत माधव सोवनी, वय सहासष्ट, मूळचा पुण्याचा, गेली एकतीस वर्षे सिंगापूरचा, सेरंगूनमधल्या एका अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा मालक, आज कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्याआधी डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी पासष्टपर्यंत पोचलो. तिथे त्यांनी "पुरे" म्हटले, हे माझे नशीब. हा मजकूर मराठीत आहे. वकीलबाईंनी केलेले इंग्रजी भाषांतर मागे आहे. त्यातून त्यांनी पुष्कळसे "अनावश्यक" म्हणून गाळायचे सुचवले होते, पण मी गाळू दिले नाही.

१. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन आहेत. पहिले २०१६ च्या दिवाळीतले. एका माणसाला माझ्या मागे काडीही मिळू नये, एवढ्याच हेतूने ते लिहिले होते. त्याला काही मिळण्याचा मुळात प्रश्नच नव्हता, कारण तो माझा नातेवाईक नाही. रागाच्या भरात हे सुचले नाही. दुसरे मृत्युपत्र म्हणजे यंदाच्या फेब्रुवारीत लिहिलेला मसुदा. तो का फाडला, ते कलम सातमध्ये येईल.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी एकुलती एक मुलगी जाई हिने करावी. ती पाया लेबारच्या एका कंपनीत लोकांच्या चुका शोधण्याचे काम करते आणि ते घरीही करते, त्यामुळे तिच्याइतके लायक दुसरे कोणी नाही.

३. राहता फ्लॅट जाईला. तिचा आणि जावई अभय यांचा स्वतःचा फ्लॅट असल्यामुळे सरकारी नियमाप्रमाणे हा विकावा लागेल. विकताना रडू नये. स्वयंपाकघरातल्या टाइल्स मी निवडल्या होत्या आणि त्या गेली अठरा वर्षे सर्वांना खुपत आहेत.

४. बँकेतली शिल्लक जाईला. सीपीएफची, म्हणजे इथल्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम कायद्याने मृत्युपत्रात येत नाही, तिचे नामांकन वेगळे केले आहे. संजीवनीचे, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीचे दागिने जाईकडे आधीच आहेत. ते संजीवनीने स्वतः दिले, मला न विचारता. ती महत्त्वाची कामे अशीच करत असे.

५. माझी पुस्तके. एकूण त्रेचाळीस, सर्व अमेरिकन फर्निचर बनवणाऱ्यांच्या इतिहासावर. हा नाद कसा लागला, ते सांगतो. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत मी जन्मभर कंटेनरांची कागदपत्रे तपासली. १९९९ साली आमचा अमेरिकन साहेब मायदेशी परतला आणि जाताना एक जाड पुस्तक मला देऊन गेला. त्याच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि ते पुस्तक त्याखाली टेकू म्हणून होते. मी ते वाचले आणि वाया गेलो. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, कनेक्टिकट इथले दोनशे वर्षांपूर्वीचे सुतार मला चुलत्यांसारखे ओळखीचे झाले. माझे सख्खे चुलते मात्र पत्रांची उत्तरे येत नाहीत म्हणून रागावले.

शेकर पंथाच्या लोकांबद्दल मी जेवताना संजीवनीला सांगत असे. हे लोक ब्रह्मचारी राहत, अतिशय साध्या आणि देखण्या खुर्च्या बनवत, आणि केर काढताना त्या भिंतीवरच्या खुंट्यांना टांगून ठेवत. ती म्हणाली, "पोरंबाळं नसली की खुर्च्या टांगायला वेळ मिळणारच. भात घ्या."

पुस्तके आधी ग्रंथालयाला विचारावीत. ते नको म्हणाले तर गल्लोगल्ली रद्दी घेत फिरणाऱ्या कारंगगुनीला द्यावीत. एखादे पुस्तक पुन्हा कोणाच्या टेबलाखाली गेले तरी माझी हरकत नाही.

६. हत्यारे आणि घराची निगा. पलंगाखालच्या लाकडी पेटीत सहा पटाश्या, एक रंधा आणि जपानी करवत आहे. सगळे उत्तम प्रतीचे. पटाश्यांवरचा तेलकट कागद अजून निघालेला नाही. तीनशे वर्षांची सुतारकी मला तोंडपाठ आहे, पण आमच्या घरातले कॅलेंडर आजही चिकटपट्टीने लावलेले आहे. ही पेटी अभयला. त्याने ती वापरावी किंवा माझ्यासारखी मिरवावी.

निगेबद्दल मी जाईला बरेच सांगायचा प्रयत्न केला. ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट व्हॉट्सॲप मी द पॉइंट्स लाह." तर घ्या. लाकूड आधी कोरड्या मऊ कापडाने पुसावे, फार तर जेमतेम ओलसर. कपाट भिंतीला चिकटवू नये, मागून वारा खेळू द्यावा, नाहीतर इथल्या दमट हवेत बुरशी येते. एसीचा झोत आणि खिडकीचे ऊन, दोन्हींपासून लाकूड दूर ठेवावे. खण अडकत असेल तर त्याच्या कडेला मेणबत्ती घासावी. चहाचा कप थेट टेबलावर ठेवणाऱ्याला एकदाच सांगावे, दुसऱ्यांदा आपणच बशी सरकवावी, संसार टिकतो. आणि लाकडाला खोबरेल कधीही लावू नये. मी लावले होते. तीन आठवडे घरभर मुंग्या होत्या, आणि पाहुण्यांना मी सांगत होतो की ही जुनी अमेरिकन पद्धत आहे.

७. ओकची खुर्ची. ही खुर्ची आता माझ्या मालमत्तेत नाही. तरीही हे कलम सर्वांत लांब आहे, कारण ती माझी असताना मी काय केले, हे नोंदवणे आवश्यक आहे.

२०१६ साली एका गोदामातल्या विक्रीत मला पाठ मागेपुढे करता येणारी, रुंद हातांची, ओकची एक आरामखुर्ची दिसली. आत लाल शिक्का होता. गुस्ताव स्टिकली या न्यूयॉर्कच्या कारागिराचा, १९०५ च्या सुमाराचा. नक्षी नाही, सोने नाही, सरळ लाकूड आणि उघडे सांधे, ही त्याची रीत. पुढे लोकांची आवड बदलली आणि १९१५ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. संजीवनीला काश्मीर दाखवायचे मी तेव्हा दहा वर्षे घोकत होतो. काश्मीर राहिले, खुर्ची आली.

मग मी इथल्या मराठी मंडळींना घरी बोलावून व्याख्यान दिले. चाळीस माणसे आली. त्यातली तीस माणसे "फर्निचरची सोपी निगा" हा उत्तरार्ध ऐकायला आणि उरलेली साबुदाणावड्यासाठी. पूर्वार्धात मी टॉमस डे या कारागिराची गोष्ट सांगितली. गुलामगिरीच्या काळात नॉर्थ कॅरोलिनात राहणारा हा स्वतंत्र कृष्णवर्णीय सुतार. गावच्या चर्चची बाके त्याने केली, आणि असे सांगतात की आपल्या कुटुंबाला गोऱ्यांच्या बरोबरीने खाली बसू द्यावे, या अटीवर केली. "माणसाचा जन्म बघू नका, त्याचे हात बघा," असे मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत उत्तम तायडे होता. माझा वीस वर्षांचा मित्र, रंग आणि लेप यांवर संशोधन करणारा शास्त्रज्ञ. त्याचे वडील परळच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते आणि डब्यांतली बाके करत. हे मला वीस वर्षे माहीत होते. व्याख्यानानंतर त्याने मोबाइलचा दिवा लावून खुर्चीखाली पाहिले आणि काही न बोलता वडा घेतला.

दुसऱ्या दिवशी तो एकटा आला. दार लावून घेतले आणि हळू आवाजात म्हणाला, "निशी, चारचौघांत बोललो नाही. आतले स्क्रू अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे आहेत. तसले स्क्रू एकोणीसशे तीसनंतर आले. पॉलिशही अलीकडच्या पॉलियुरेथेनचं आहे. शिक्का कोणीतरी नंतर मारलाय. पावती असेल तर आजच जाऊन परत दे."

हे उपकार होते. मी त्याला काय उत्तर दिले, ते फेब्रुवारीच्या मसुद्यात मी "काही कठोर शब्द" असे लिहिले होते. इथे शब्द लिहितो. मी म्हणालो, "उत्तम, ही पारख रक्तात असावी लागते. ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या खुर्ची नव्हती, त्यांना खुर्ची काय कळणार?"

तो चपला घालून गेला. संजीवनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नोंदीसाठी हेही सांगतो की शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे जमिनीवरच बसत असू. घरात एक लोखंडी घडीची खुर्ची होती, पाहुण्यांसाठी. तिच्यावर बसल्याबद्दल मी मार खाल्लेला आहे.

खुर्ची मी परत दिली नाही. परत दिली असती तर उत्तम खरा ठरला असता. त्याऐवजी, तो माझ्यावर जळतो, असे मी चार लोकांना सांगितले.

२०१८ मध्ये संजीवनीला पार्किन्सन झाल्याचे निदान झाले. वर्षभरात तिला सोफ्यावरून उठता येईना. खुर्चीचे हात रुंद, म्हणून तिला तिथे बसवले, पण बैठक खोल आणि बुटकी. दर वेळी मला काखेत हात घालून तिला उठवावे लागे. मी बाजारात गेलो की ती लघवी दाबून बसून राही. हे तिने मला कधी सांगितले नाही. तिने उत्तमला फोन केला.

मी भाजी घेऊन घरी आलो तेव्हा खुर्ची चार बोटे उंच झाली होती. चारही पायांना खालून लाकडी ठोकळे स्क्रूने आवळले होते, बैठकीत घट्ट फोम होता. उत्तम भुसा गोळा करत होता. मला त्याच्याशी तीन वर्षांनी बोलायची पहिली संधी मिळाली होती. मी ओरडलो, "स्टिकलीला भोकं पाडलीस!"

संजीवनी हातांवर जोर देऊन एकटी उठली. उभी राहिली. पुन्हा बसली. "अहो, ओरडायचं तर ओरडा," ती म्हणाली. "आता मी बसून ऐकू शकते, आणि कंटाळा आला तर उठून जाऊही शकते."

उत्तम म्हणाला, "वहिनी, ठोकळे महिन्यातून एकदा आवळून घ्या," आणि गेला. मी त्याला पाणीसुद्धा विचारले नाही. पुढची चार वर्षे ती त्या खुर्चीतून स्वतःच्या बळावर उठली. २०२३ मध्ये ती गेली. तिच्या अंत्यविधीला उत्तम आणि त्याची बायको, हिरावहिनी, आले होते. मी मान हलवली, एवढेच.

यंदाच्या फेब्रुवारीत मी मसुदा केला आणि त्यात लिहिले: खुर्ची उत्तमला द्यावी, मी पूर्वी वापरलेल्या काही कठोर शब्दांबद्दल दिलगिरीसह. मला तो फार उदार वाटला. मग मी तो घेऊन उत्तमच्या घरी गेलो, कारण सही करताना साक्षीदार म्हणून तो हवा होता. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, झाल्यास त्याची देणगी बाद होते, असा इथला कायदा आहे. एकतीस वर्षे कागदपत्रे तपासणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हते. उत्तमला होते.

त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. "म्हणजे हे मला तू मेल्यावर कळणार होतं?"

"हो."

"तू नसशील. मग मी बोलायचं कोणाशी? खुर्चीशी?"

मी मसुदा परत घ्यायला हात पुढे केला. त्याने तो दिला नाही.

"आणि 'काही कठोर शब्द' म्हणजे कोणते? मला तर एकेक पाठ आहे. तुला?"

मला पाठ होते. त्याने मला ते म्हणून दाखवायला लावले, त्याच्या दिवाणखान्यात, त्याच्या वडिलांच्या फोटोसमोर. दोन्ही वाक्ये मी पूर्ण म्हटली. मग मी, निशिकांत माधव सोवनी, उत्तमची आणि त्या फोटोतल्या माणसाची माफी मागितली. "असू दे" असे उत्तम म्हणाला नाही. तो म्हणाला, "मी विसरणार नाही, निशी. पण हिराचे गुडघे दुखतात, खुर्ची आजच दे. आणि तो कागद फाड. नीट लिहून आण, मग सही करतो."

खुर्ची त्याच दुपारी टेम्पोतून गेली. मी सोबत गेलो आणि तिथे चहा प्यायलो.

८. माझे दहन मंडाईच्या सरकारी दहनगृहात करावे, आणि अस्थी संजीवनीच्या नेल्या तशाच बोटीतून समुद्रात सोडाव्यात. भाषणे नकोत. कोणाला फारच आग्रह असेल तर मुंग्यांबद्दल बोलावे.

वरील आठ कलमे मी स्वतः लिहिली, वाचली, आणि दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना खाली सही केली.

(सही) निशिकांत माधव सोवनी
सेरंगून, सिंगापूर
१४ जून २०२५

साक्षीदार:

१. (सही) ऋचा निमकर, सॉफ्टवेअर इंजिनिअर, दहावा मजला. या मृत्युपत्रात मला काही मिळालेले नाही. चहा मिळाला.

२. (सही) उत्तम भिकाजी तायडे. मलाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही. निशिकांतने आमच्या समोर सही केली. कलम सातमध्ये त्याने स्वतःचे म्हणून जे वाक्य लिहिले आहे ते शब्दशः बरोबर आहे. एकही शब्द कमी केलेला नाही. ते बोलले गेले तेव्हा मी तिथे होतो, आणि आज तो हे लिहून सही करतानाही आहे.