फुग्यांवरचं घर

२२ मे, व्हर्नन, टेक्सास

‘नाही’ म्हणायला माणसाला किती शिकावं लागतं? आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. मला माहीत नाही.

मॉमच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. दरवर्षी आमचं चाकांवरचं घर पिकअपला जोडून तीच ओढत नेते. इथून थेट मोंटानापर्यंत, गहू पिकत जाईल तसतसं वर वर, लोकांची शेतं कापून देत. यंदा कोण नेणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. "हंगामापुरतंच गं," डॅड म्हणाले. हंगाम सप्टेंबरपर्यंत चालतो. माझी शाळा बारा ऑगस्टला उघडते. माझी! तिसरीचा वर्ग!

डॅडना तेही सांगितलं. म्हणाले, "शाळा काय पळून जातेय? गहू पळतो."

मी लहान असताना हेच वाक्य ते माझ्या बाईंना ऐकवायचे. आयुष्यात एकदाही शाळेच्या पहिल्या दिवशी मी शाळेत नव्हते. सप्टेंबर संपता संपता उगवायचे. तोवर बाकं, मैत्रिणी, सगळं वाटून झालेलं असायचं. तिकडे कॅन्ससला, आमच्या गावात, अजूनही अशी हंगामाची पोरं आहेत. त्यांच्यासाठी एक बाक राखून ठेवणारी बाई मला व्हायचंय — आणि ती बाईच उशिरा येणार?

२५ मे

पाऊस. ओला गहू कापता येत नाही, म्हणून आज दुरुस्तीचा दिवस.

घर जोडलं की पिकअपचं नाक वर आणि शेपूट खाली. पेट्रोल पंपावर चढताना हूक जमिनीला घासतो. म्हणून डॅडनी हवेच्या पिशव्या मागवल्यात. रुआन त्यांना फुगे म्हणतो. तो दक्षिण आफ्रिकेचा, आमच्याकडे हा त्याचा तिसरा हंगाम. गव्हाचा ट्रक चालवतो, आणि तोंडही.

"कॉलेजात गेली होतीस ना? मग वाच ते कागद!" डॅड गाडीखालून ओरडले. मी चिखलात पालथी पडून वाचत होते, ते दोघं बोल्ट कसत होते. चेसिस आणि अॅक्सलच्या मधला रबरी ठोकळा काढायचा, त्या जागी पिशवी बसवायची. एक डावीकडे, एक उजवीकडे. नळ्या सायलेन्सरपासून लांबून आणायच्या, नाहीतर वितळतील. डावी नळी मी आणली. हवा भरून साबणाचं पाणी लावलं — माझ्याच सांध्यावर बुडबुडे!

"वाकडी कापलीस, प्रोफेसरबाई," रुआन म्हणाला. खरंच वाकडी कापली होती. परत सरळ कापली.

शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत होतं, की या पिशव्यांमुळे गाडीची वजन वाहण्याची ताकद वाढत नाही. मी मोठ्याने वाचलं.

"ते वकील लिहितात," डॅड म्हणाले. "भर हवा."

पिकअप उठली. मागे घर असूनही अगदी सरळ.

"म्हातारीला कंबर आली!" मॉम म्हणाली.

२६ मे

गाडी सरळ दिसते म्हटल्यावर डॅडनी घरात मोठा फ्रीझर चढवला. मग हार्वेस्टरच्या पात्यांची लोखंडी पेटी. मग पाण्याचं पिंप. पिकअप जरा बसली की आणखी थोडी हवा!

मी म्हटलं, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना गव्हाचे ट्रक रिकामेच असतात, हे सगळं त्यात टाकू. सगळ्यांनी असं बघितलं, जसं काही मी प्रार्थनेआधीच चमचा उचलला. आजोबांचा नियम आहे : गव्हाच्या हौद्यात गव्हाशिवाय काही नाही. डॅड म्हणाले, "शेतकरी आधी आपला हौदा बघतो, मग आपलं तोंड."

३ जून

गहू. शेतावर जेवण पोचवा. भांडी. गहू.

९ जून, किंगफिशर, ओक्लाहोमा

आज व्हर्ननहून इथे आलो. चालवत मी, शेजारी मॉम.

उतारावर मागचं घर हलायला लागलं. आधी जरासं, मग कुत्र्याच्या शेपटीसारखं. पिकअपला या कडेहून त्या कडेला फेकत होतं. गाडीचा ब्रेक मारायचा नाही, एवढंच आठवलं. पाय उचलला आणि हाताशी असतो तो फक्त मागच्या घराचा ब्रेक दाबून धरला. सुटलो. कशा ते विचारू नका!

आणि मग दिसलं — मॉमने दारावरची मूठ घट्ट धरली होती. उजव्या हाताने. डोक्याच्या वर. तो हात खांद्याच्या वर जात नाही म्हणून फळीवरचं पीठसुद्धा मी काढून देते.

तिने हळूच हात खाली घेतला.

"कधीपासून बरा आहे?"

"एप्रिल." मग म्हणाली, "गेल्या वर्षी नेब्रास्कात, सिडनीच्या पुढच्या उतारावर असंच झालं. एकटीच होते मी. तेव्हापासून किल्ली हातात घेतली की उमासे येतात."

"डॅडना नाही सांगितलंस?"

"भर हंगामात? आणि तू किती छान चालवतेस. पुढच्या वर्षीसुद्धा..."

मला रागवायचंय. रागवता येत नाही.

२४ जून, घर, कॅन्सस

आमच्याच गावची कापणी. धावत शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापकबाईंनी वर्गाची किल्ली दिली. वर्गाला खडूचा वास, खिडकीतून आमचीच शेतं. एक बाक आत्ताच खिडकीपाशी सरकवून ठेवला.

आता माझ्या कडीत दोन किल्ल्या आहेत. वर्गाची आणि पिकअपची. उद्यासुद्धा इथेच राहू शकते, कोण अडवणार? पण मी राहिले तर त्या स्टिअरिंगवर मॉम बसणार. मग?

परवा निघतोय.

१३ जुलै, सिडनी, नेब्रास्का

गव्हाचा एकेक ट्रक आम्ही काट्यावर चढवतो. किलोभर इकडे-तिकडे झालं तर डॅड भांडतात. पण ज्या घरात राहतो ते कधी तोललं नाही! आजोबांनीही नाही. कुणाच्या मनातच आलं नसेल.

आज घर जोडलेलं असतानाच मी गव्हाच्या ट्रकांच्या रांगेत शिरले.

काटेवाला कर्ण्यावरून म्हणाला, "पोरी, गहू कुठाय?"

"गहू नाही. घर तोलायचंय."

हशा. त्याने मला गाडीच्या दारावर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचायला लावली, काट्याकडे बघितलं आणि शिट्टी वाजवली. मग कर्ण्यावरूनच, "बाई गं, तुझ्या गाडीत एक अख्खी गाभण गाय जास्त आहे!"

सगळ्या रांगेने हॉर्न वाजवले. माझ्या पाठोपाठचा ट्रक डॅडचा होता. त्यांनी नाही वाजवला.

जेवताना म्हणाले, "चारचौघांत सांगितलंस मला."

"घरात आधी सांगितलं होतं."

"गाडी सरळ उभी आहे ना?"

"हवेनं गाडी उचलली जाते, डॅड. वजन तेवढंच राहतं."

"मग आणखी थोडी भर."

मॉम मान खाली घालून पाव तोडत राहिली.

१९ जुलै

रुआन म्हणाला, "इथून बस जाते. पळून का जात नाहीस?"

"मॉमला त्या गाईबरोबर सोडून?"

"मग गाय उतरव आधी," म्हणाला आणि हसला. मी नाही हसले.

२७ जुलै, कॅन्ससच्या बसमध्ये

आज सकाळी मोंटानाला निघायच्या आधी रुआनने आणि मी फ्रीझर, पेटी, पिंप, सगळं गव्हाच्या ट्रकच्या हौद्यात चढवलं. लख्ख उजेडात, डॅड बघत असताना. फुग्यांतली हवा सोडली. रबर चेमटू नये एवढीच ठेवली. पिकअप जराशी बसली, बस तेवढीच. घर काट्यावरून नेऊन आणलं. "गाय उतरली!" काटेवाला ओरडला.

कडीतून पिकअपची किल्ली काढली आणि मॉमच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटली.

डॅड ट्रककडे गेले. वाटलं, आता सगळं खाली फेकणार. त्यांनी फक्त एक झाडू आणून फ्रीझरशेजारी टाकला. "पोचल्यावर हौदा झाडून घ्या. कण राहता कामा नये." माझ्याकडे न बघता म्हणाले.

मॉम पिकअपच्या स्टिअरिंगकडच्या पायरीवर चढली. आत बसण्याआधी वळली आणि माझ्याकडे बघून हात हलवला. उजवा. डोक्याच्या पार वर.

डॅडनी तो हात पाहिला.