बाबांना नाही कोण म्हणणार

लेकाला लाडावून तुम्ही ठेवलंत आणि निस्तरतेय मी. आधी नवरा म्हणून निस्तरला, आता नात म्हणून. एका आयुष्यात दोनदा ही शिक्षा दुसऱ्या कुठल्या सुनेला झाली असेल तर दाखवा.

प्रिय सासूबाई,

हसू नका. इकालुइत शहरात दुकानाच्या गल्ल्यावर बसता, नखं रंगवता, वय जेमतेम वीस, म्हणून तिथल्या लोकांना तुम्ही माझ्या थोरल्या लेकीची पोर नुतारक वाटत असाल. पण माझ्या गेलेल्या सासूचं नाव तुम्हाला ठेवलं तेव्हाच तुम्ही माझ्या सासूबाई झालात. शाळेशी माझं कधी जमलं नाही, तेव्हा वाकड्या अक्षरांनाही हसू नका.

इकडे उजारक बारा वर्षांची झाली. तिला माझ्या गेलेल्या नवऱ्याचं नाव, म्हणून माझा लेक जोआनासी स्वतःच्या पोरीला ‘बाबा’ म्हणतो आणि मी ‘अहो’. परवा शेगडीपाशी पाय पसरून म्हणते, “बायको, चहा आण. साखर जास्त.” मी म्हटलं, “अहो, पाय गळून पडलेत का? उठा आणि घ्या.” सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

पहिला कॅरिबू तिनं नवव्या वर्षी पाडला. सगळं मांस रीतीप्रमाणे गावातल्या म्हाताऱ्यांना वाटलं, स्वतः जिभेला लावलं नाही. तेव्हा माझा ऊर भरून आला होता. पण कॅरिबू जमिनीवर असतो. आता तिला वॉलरस हवाय. म्हणजे किनाऱ्याला चिकटलेला बर्फ सोडून पलीकडच्या फिरत्या बर्फावर जायचं. येत्या अमावास्येला तिघंही निघणार, ती आणि तिचे आईबाप. अमावास्येला पाण्याची ओढ कशी असते ते तुम्हाला मी काय सांगू.

जोआनासीला मी बाजूला घेतलं. म्हटलं, “जमिनीकडून वारा सुटला तर तो बर्फ पोरीसकट समुद्रात जाईल. तुझा बाप असाच गेला.” तो भाल्याचं पातं घासत राहिला. वर न बघता म्हणाला, “आई, कळतं गं मला. पण बाबांना नाही कसं म्हणू?” बरोबरच आहे. आपल्यात बापाला कोण दरडावतं? त्याची बायको तर तिच्यापुढे ब्र काढत नाही. मी बोलले, तर मला म्हणते, “तू पहिल्यापासूनच भित्री.” हेच शब्द नवऱ्यानं त्या शेवटच्या दिवशी दारातून जाताना म्हटले होते. मी ते आजवर कुणाला सांगितलेले नाहीत.

सकाळी ती दारात उभी राहून वारा हुंगते, तेव्हा उजवा खांदा खाली झुकलेला असतो. तसा कुणाचा झुकायचा ते तुम्हाला ठाऊक आहे. काल जेवताना मला विचारलं, “तिकडून मी परत आलोच नाही ना?” मग मांसाचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली, “या वेळी बघून येतो, कुठे राहिलो होतो ते.” बाकीचे पुन्हा हसले. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

फोन स्वयंपाकघरात आहे आणि सगळ्यांचे कान तिथेच, म्हणून हे पत्र विमानवाल्याच्या हाती देतेय. त्या दिवशी मी नवऱ्याला अडवलं होतं. बायकोचं कोण ऐकतं? आईचं ऐकलं असतं. पण तुम्ही कातडं शिवत बसलात, सुई थांबली नाही तुमची. आता तुम्हाला ते आठवत नसेल, नसू दे. तिला नाही म्हणायचा हक्क असलेलं माणूस या जगात एकच उरलंय, आणि ते तुम्ही. अमावास्येआधी फोन लावा. ओरडा, रडा, शपथ घाला, आया करतात ते सगळं करा.

तुमचीच सून,
लीतिया

फोन जोआनासीनं उचलला तर त्याच्याशी अवाक्षर बोलू नका, “माझ्या लेकाला दे” एवढंच म्हणा. “जाणार नाही” हे उत्तर तिनंच द्यायचं, तुम्हाला, स्वतःच्या तोंडानं; दुसऱ्या कुणाचं धरू नका.