अनुकूल गठ्ठ्यातली हरकत

सोम., ६ जाने. २००३
प्रातःकाळीच शेजारच्या सुनंदाताई गायकवाड दारात. हातात शिवायचे जीन्सचे कमरपट्टे, चेहरा पडलेला. काम देणाऱ्या शेठने कँप पाचच्या बाजारातून निरोप धाडला आहे : "घर में मशीन बंद होनेवाली है, बाई. कानून आ रहा है." कोणता कानून, कोणास विचारून? शेठ अनभिज्ञ. चाळीचे सचिव, म्हणजे अस्मादिक, तेही अनभिज्ञ. लज्जास्पद! यजमानांचा कारखाना बंद पडल्यापासून त्या घरची चूल त्या एका मोटर लावलेल्या शिलाई मशीनवर पेटते.
सौ. म्हणाली, "जन्मभर अर्ज खरडताय. आता एक कामाचा खरडा."

मंगळ., ७
अर्धी रजा टाकून महापालिकेच्या कचेरीत गमन. शहरापुरत्या कायद्याचा, अर्थात उपविधीचा, मसुदा 'जनतेच्या माहितीस्तव' फलकावर लावला आहे म्हणे. फलक काचेच्या कपाटात. कपाटापुढे मोडक्या खुर्च्यांचा हिमालय. कपाटास कुलूप; किल्लीवाला रजेवर. गिर्यारोहण करून, मान तिरकी करून वाचले : राहत्या चाळी-इमारतींत विजेच्या यंत्रावर कोणताही व्यवसाय करू नये, केल्यास यंत्र जप्त. तळाशी, मुंगीच्या अक्षरांत : हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात. पैकी तेवीस दिवस कपाटातच निवर्तले.
कायदा करताना आम्हांस विचारतात ते असे! जनता म्हणजे यांच्या लेखी खुर्च्या चढू शकणारा प्राणी. मस्तक भणभणते आहे.

गुरु., ९
हरकत सिद्ध. दोन पृष्ठे. प्रथम पृष्ठावर व्याजस्तुती, वरून पुष्पवृष्टी, आतून सुरी : "कचेरीची ही दूरदृष्टी वंदनीय असून प्रस्तुत मसुद्याचे आम्ही नतमस्तक होऊन स्वागत करतो..." द्वितीय पृष्ठावर वज्राघात. शेजारी जाऊन खड्या आवाजात वाचन केले.
सुनंदाताई : "भारी वाटतंय, भाऊ. पण माझी मशीन कुठं आली यात?"
दुसऱ्या पानावर, म्हटले, 'यंत्रोपजीवी महिलावर्ग' यात. सौ. भिंतीकडे बघून हसली. असो. रसिकता सर्वांस लाभत नाही.

शनि., ११
सह्या अडतीस. एकानेही वाचले नाही. "तुम्ही लिहिलंय ना, झालं तर मग." आमच्या चाळीची पुरातन रीत : पाण्याचा अर्ज असो की गणपतीची वर्गणी, आधी सही, मग "कशाचं आहे हो?" आज तेवढेही कोणी विचारले नाही. छाती फुगली.

सोम., १३
मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल. पोच घेतली. शिक्का सुवाच्य.

शुक्र., २४
सुनावणीचे पत्र येईना म्हणून पुनश्च कचेरी. बाबूच्या टेबलावर दोन गठ्ठे. लाल नाडीचा विरोधाचा, हिरव्या नाडीचा अनुकूल.
"सुनावणी फक्त विरोधवाल्यांची, काका. तुमचा अर्ज हिरव्यात आहे."
"दुसरे पान वाचलेत?"
"पहिल्या पानावरनं लावतो आम्ही. एवढं वाचत बसलो तर झालंच. नतमस्तक होऊन स्वागत करतो, हे तुमचंच ना?"
माझेच. अडतीस सह्यांसह. त्यांत सुनंदाताईंची, स्वतःचे यंत्र जप्त करण्यास त्यांचेच अनुमोदन! वर टिप्पणीही गेली : 'नागरिकांचा उत्स्फूर्त पाठिंबा'.
बाबूच्या डोक्यावर दोन्ही गठ्ठे आपटावेत असे वाटले. न वाचता कायदे करणारे हे, न वाचता सह्या करणारे आम्ही, आणि कोणास कळू नये असे लिहिणारा हा गाढव!

शनि., २५
सुनंदाताईंना सांगितले. सांगावेच लागले.
"म्हणजे मीच सही करून म्हटलं, माझी मशीन न्या?"
"तांत्रिकदृष्ट्या..."
"भाऊ, तांत्रिक राहू द्या. तुम्हाला 'वा' पाहिजे होतं. मला मशीन पाहिजे."
 

रवि., २६
चाळीत झेंडावंदन. सचिवांचे वार्षिक भाषण रद्द. त्याऐवजी चूक कबूल केली. नवा अर्ज सुनंदाताईंनी सांगितला, मी उतरवला : 'माझ्या घरात एक मशीन आहे. तिच्यावर चार माणसं जेवतात. मशीन नेऊ नका. आधीच्या अर्जातही आमची हरकतच होती. आम्हाला बोलवा, आम्हाला बोलायचं आहे.' मी 'उदरनिर्वाह' घालू पाहिला. "जेवतातच ठेवा."
आज वाचल्याशिवाय कोणी सही करीना. एकाने तर दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मागं दुसरं पान नाय ना?"

सोम., २७
बाबू : "मुदत संपली."
पोच पुढे केली. पहिला अर्ज मुदतीतला, हा त्याचाच खुलासा. "साहेबांना विचारायला लागेल." सुनंदाताईंनी हिमालयातून एक खुर्ची ओढली. "विचारा. मी बसते." साडेपाचपर्यंत बसल्या. साहेब निघताना म्हणाले, "तीन तारखेला या. ऐकून घेऊ. धरायचं की नाही ते महापालिकेची सभा ठरवेल."

सोम., ३ फेब्रु.
सुनावणी. "बोला" म्हणताच सवयीने मी उठलो. सुनंदाताईंनी बाही ओढली. "बसा, भाऊ."
त्याच बोलल्या. दोन मिनिटे. साहेबांनी काहीतरी लिहिले. काय ते दिसले नाही.
निघताना पाहिले, आमचे एक पान दोन गठ्ठ्यांच्या मधे पडले होते. सुनंदाताई मागे फिरल्या.
"हे लालमध्ये बांधा. माझ्यासमोर."
"उद्या बांधतो, ताई."
"मग उद्या येते."