रकाना पाचमध्ये ‘मान’ लिहिल्याबद्दल

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
तपासणी विभाग, मोठे रुग्णालय

विषय: माझ्या मानेतील गाठीची विषाणू-तपासणी खिडकी क्रमांक तीनच्या लिपिकांनी अडवल्याबाबत.
संदर्भ: तीन वेळा भरलेला माझा फॉर्म.

महोदय,

१. आधी माणसाची तक्रार करते, मग आजाराची. खिडकी तीनवरचे लिपिक समोरच्याकडे बघून बोलत नाहीत. सत्तावीस वर्षे मी लाँड्री चालवते, आठ माणसे हाताखाली आहेत. माझ्याशी असं तोंड फिरवून कुणी बोललेलं नाही.

२. माझ्या मानेत लिंबाएवढी गाठ आहे. सुई घालून तुकडा काढला, कॅन्सर निघाला. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, तो मानेत जन्मलेला नाही, दुसरीकडून आलाय. दुर्बिणीने सगळा घसा पाहिला, सापडत नाही. गाठीच्या तुकड्यात एका जातीचा विषाणू निघाला तर मूळ टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या बुडाशी असणार, दुसऱ्या जातीचा निघाला तर नाकामागे. मला लगेच पटलं. आमच्याकडे प्रत्येक घराच्या कपड्याला कॉलरच्या आत वेगळ्या रंगाचा दोरा घालतात. शर्ट भलत्या गठ्ठ्यात सापडला तरी दोरा बघून मी घर सांगते.

३. फॉर्मात रकाना पाच आहे, ‘आजाराचे मूळ ठिकाण’. कोरा ठेवला, तर अपूर्ण म्हणून परत. ‘माहीत नाही’ लिहिलं, तर म्हणाले, हे काही ठिकाण नव्हे. तिसऱ्या दिवशी पाय भरून आले, मागची रांग कुरकुरायला लागली, म्हणून मी ‘मान’ लिहून मोकळी झाले. ही माझी चूक, कबूल. त्यावर लिपिकांनी शिक्का मारला: मूळ ठिकाण माहीत, सबब तपासणी अनावश्यक.

४. ते खोडा म्हटलं, तर खरं मूळ ठिकाण दाखवणारा दाखला आणा म्हणतात. तो दाखला त्याच तपासणीतून निघतो, हे मी चार तऱ्हांनी सांगून पाहिलं. सुनेने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, तर तिच्यावर मूळ ठिकाण नाही म्हणून तीही परत आली.

५. येत्या सोमवारी माझे किरणांचे शेक सुरू होतील. मूळ सापडलं तर तेवढ्या भागाला, नाहीतर नाकामागपासून सगळ्या गळ्याला. मग लाळ आटेल, कदाचित नळीने खावं लागेल, आवाजाचा भरवसा नाही. विषाणू निघालाच नाही तर निमूट पडून राहीन. पण न बघताच? माझं घर आणि दुकान या आवाजावर चालतं. इस्त्री करपली की मी आतल्या खोलीतून वासावर ओरडते, म्हणून लोकांचे कपडे शाबूत आहेत.

६. गाठीचा तुकडा मेणात घालून आपल्याच कपाटात ठेवलेला आहे. तो सोमवारच्या आत तपासावा, एवढीच विनंती.

आपली, आजतरी बोलू शकणारी,
लाँड्रीवाली (सही केली आहे)
बुधवार

सोबत: शिक्क्यासह फॉर्म, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, कॉलरचा दोरा नमुन्यादाखल.

ता. क. हा अर्जही खिडकी तीनवरच द्यावा लागतो, असं आत्ता कळलं. लिपिकांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि दोरा कुठल्या रकान्यात नोंदवू म्हणून विचारलं. मी काय म्हणाले ते खाली लिहिते, म्हणजे आपल्याला दुसऱ्याकडून कळायला नको.

“भाऊ, चूक मी पेनाने केली, तुम्ही शिक्क्याने केलीत. मी माझी कबूल केली. माझ्या दुकानात असता, तर तुम्हाला कपड्याला हात लावू दिला नसता.”