तिसरा सिलिंडर

दिनांक ९ ऑक्टोबर
सकाळचे साडेदहा

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर खालच्या ओळीपासून वाचायला सुरुवात कर. माझी तब्येत ठीक आहे. डावा गुडघा होता तसाच आहे, म्हणजे माझ्याहून हट्टी. तूही ठीक असशील अशी आशा करते. तू काही कळवत नाहीस, तेव्हा आशाच करावी लागते.

तुझं तीन ओळींचं पत्र मिळालं. 'ते भंगार विकून टाक. मला त्यातलं काही नको. माझी खोली कुणाला द्यायची असेल तर दे.' खाली नाव नाही, सही नाही. वीज तोडायची नोटीससुद्धा याहून मायेनं लिहिलेली असते.

आता भंगाराबद्दल. होतं भंगारच. बंद पडलेल्या एका गॅरेजातून लेथवाल्या काकांच्या टेम्पोतून ते घरी आलं, तेव्हा चार खोकी होती, एक वाकडा सांगाडा होता, आणि एक इंजिन, ज्याचे चारही पिस्टन जागच्या जागी गंजून बसले होते. तुझे बाबा मात्र नवजात बाळ बघावं तसे त्या खोक्यांत डोकावत होते. 'ठेवणार कुठे हे?' असं मी विचारलं, तर त्यांनी तुझ्या खोलीचं दार उघडलं. तू शेवटची येऊन गेलीस त्याला दोन महिने झाले होते. 'तिच्या खोलीचं संग्रहालय करायचं नाही' असं मीच म्हटलं होतं. माझा शब्द मलाच परत मिळाला.

पुढची सहा वर्षं मी एका मोटरसायकलीशी संसार केला. सिलिंडरांत तेल ओतून तीन आठवडे नुसती वाट बघितली, तेव्हा कुठे पिस्टन सुटले. टाकीचा आतला गंज काढायला तिच्यात नटबोल्ट आणि व्हिनेगर भरून बाबा बाथरूममध्ये ती हलवत बसायचे. शेजारीण विचारून गेली, पाळणाघर काढलंय का, दिवसभर खुळखुळा वाजतोय. माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात कार्बुरेटर उकळले गेले. ते पातेलं मी पुन्हा शेगडीवर चढवलं नाही. तुझ्या पुस्तकांच्या फळीवर बेअरिंगचे डबे बसले, पलंगावर सायलेन्सर झोपले, एकाशेजारी एक, चार. दाराच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत ना, त्यांच्यावर मात्र बाबांनी पहिल्याच दिवशी कागद चिकटवला. ग्रीसचा हात लागायला नको म्हणून. तो कागद अजून तिथेच आहे.

गाडी जशीच्या तशी करायची, एक स्क्रूही बदलायचा नाही, असं मानणारी माणसं असतात. बाबा त्यातले नव्हते. म्हणायचे, 'इंजिन तिच्या काळातलं राहू दे, ब्रेक आपल्या काळातले हवेत.' म्हणून पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आले. त्यांच्या पाठीसाठी हँडल दोन इंच उंच झालं. आणि मागची सीट. तिच्यासाठी सांगाड्याची मागची दांडी कापून खाली घेतली, काकांकडून पुन्हा जोडून घेतली, पाय ठेवायला रुंद पट्टी केली, पाठ टेकायला कमान केली. ती सीट कुणाच्या मापाची होती ते पुढे सांगते. मी टाळते आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

बाबांच्या तेराव्याला सगळी माणसं पांगल्यावर तू तुझ्या खोलीच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'या यंत्रासाठी सहा वर्षं होती त्यांच्याकडे. मला भेटायला एक दिवस नव्हता.' मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसते तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय, हे एरवी तुला लगेच कळलं असतं. पण तू रडत होतीस. मी तुला रडू दिलं, आणि तुझी बॅग रिक्षात ठेवायला मदत केली. आजचं पत्र त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

छापखान्यात छत्तीस वर्षं यंत्रांच्या मधोमध उभं राहून बाबांचे कान गेले हे तुला माहीत आहे. कानातलं मशीन त्यांनी दोन दिवस लावलं. 'सगळं जग खोकतंय' म्हणाले आणि ते कपाटात टाकलं. समोर माणूस असला, ओठ दिसले, की त्यांचं अडत नसे. फोनवर मात्र काहीच नाही. म्हणून तुझा फोन आला की मध्ये मी. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. हिचं ऐकायचं, त्याला सांगायचं, यात माझा हात कोण धरणार?

तू म्हणायचीस, 'बाबांना सांग, फार आठवण येते. एकदा येऊन जा म्हणावं.' मी त्यांच्याकडे वळून सांगायचे, 'बरी आहे. कामात आहे.'

हे मी चार वेळा केलं. पाचव्यांदा तू फोन केला नाहीस.

एक्स्चेंजमध्ये कुणी असं केलं असतं, तर त्याच संध्याकाळी माझा हेडफोन काढून घेतला असता. घरात विचारणारं कोण?

तुझा राग माझ्यावर होता, आणि तो बरोबर होता. नवऱ्याचं घर सोडून तू एका बॅगेनिशी आलीस. दारात मी तुला म्हटलं, 'आलीस तशी परत जा.' कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आम्हाला सांगायच्या, बोलण्यापूर्वी दहापर्यंत मोजा. मी दोनपर्यंतसुद्धा मोजलं नाही. तू पायऱ्या उतरलीस आणि मी आत जाऊन दूध तापवलं. त्या माणसाबद्दल तू सांगत होतीस ते सगळं खरं होतं, हे मला वर्षभरानं कळलं. कळल्यावर तर तुझ्यासमोर येणं आणखी कठीण झालं. मला माझं चुकलेलं सहन होत नाही. दुसऱ्यांचं चुकलेलं मी आनंदानं सहन करते, तोंडानं.

आता गाडी. चार सिलिंडर, चार कार्बुरेटर. चौघांनीही सारखी हवा ओढायला हवी, नाहीतर इंजिन अडखळत चालतं. ते तपासायची जुनी रीत सोपी आहे. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानाशी. चौघांची फुसफुस एकसारखी लागली पाहिजे. बाबांना ती ऐकू येणार नव्हती. म्हणून नळी माझ्या कानाला आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात. इंजिन चालू असताना ओठ वाचायलाही त्यांना मान वर करावी लागे, म्हणून आम्ही बोटं ठरवली. जो कमी ओढतो त्याचा नंबर मी बोटांनी दाखवायचा. शाळेत प्रार्थनेच्या वेळी सिस्टर पट्टी घेऊन रांगेतून फिरत आणि बेसूर मुलीपाशी थांबत. माझ्यापाशी कधी थांबल्या नाहीत. माझा कान चुकत नाही, ठमे. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

जानेवारीत इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा बाबा लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. चहा पिताना म्हणाले, 'हे मार्गी लागलं की कुठे जायचं, माहितेय ना?'

'तुम्ही जा. ट्रेन आहे की.'

'एकट्यालाच जायचं असतं तर केव्हाच गेलो असतो. एकदा एकटा गेलो, की मग दरवेळी एकटाच जात राहीन. तुम्हा दोघींना न भेटायची सवय होऊन बसेल.'

'ती झालीच आहे.'

'म्हणून तर ट्रेन नको. ट्रेननं निघालीस तर मधल्या स्टेशनावर उतरून परत येशील. मी ओळखत नाही का तुला! माझ्या मागच्या सीटवरून कशी उतरतेस बघू.'

आणि मग मला हाताला धरून नेलं त्यांनी, बसून दाखव म्हणाले. माझा गुडघा जेवढा वाकतो, बरोबर तेवढ्याच उंचीवर होती ती सीट. टेप लावून कधी मोजलं होतं देव जाणे. झोपेत मोजलं असेल. मी म्हटलं, 'कमान टोचते.' टोचत नव्हती.

बाबांचंही चुकलंच. बापानं मुलीकडे जायला सीट खाली करायची वाट बघू नये. मी त्यांच्यावर अजून चिडलेली आहे, आणि आता चिडून ऐकवणार कुणाला? पण सहा वर्षं ते यंत्रासाठी झुरत नव्हते. ते मला तुझ्याकडे आणायची गाडी तयार करत होते. त्यांनी केलं ते एवढंच, आणि हे मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

पुढचं लिहायला पेन उचलत नाही. उठून भांडी घासून आले. घासून झाली.

मार्चमधला एक रविवार. मागचं दार उघडं, धूर बाहेर जायला. मी नळी पहिल्याला लावली, दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला. परत उलट मोजत आले. चौघे एकसारखे. शाळेत गाणं सुरू व्हायच्या आधी सगळ्या मुली एकदम श्वास घेत, तसा आवाज. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. सकाळीच म्हणाले होते, 'आज जमलं तर पुढच्या रविवारी निघू.'

मी तीन बोटं दाखवली.

त्यांनी मान डोलावली आणि तिसऱ्याच्या स्क्रूवर वाकले.

पुढच्या रविवारीही तीन. त्याच्या पुढच्याही. मार्च, एप्रिल, मे, सगळा उन्हाळा, आणि मग ऑगस्ट. दर रविवारी ते इंजिन गरम करायचे, मी नळी कानाला लावायचे आणि तीन बोटं दाखवायचे. मला वाटायचं, तुझ्या दारात गाडी उभी राहील, तू बाहेर येशील, बाबांच्या गळ्यात पडशील, आणि मी मागच्या सीटवर बसून राहीन. उतरायचं कसं, उतरून काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एक्स्चेंजमध्ये दिवसाला शंभर वेळा 'सॉरी' म्हणत होते. लाईन बिझी आहे, सॉरी. उत्तर येत नाही, सॉरी. घरात एकदाही नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, दुपारी, ते गाडीशेजारच्या स्टुलावर बसले होते. मी तीन बोटं दाखवली. ते हसले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. इंजिन चालू होतं. मला ते बंद करता येईना, किल्ली त्यांच्या अंगाखाली होती. तू विचारलंस, शेवटचं काय म्हणाले? ते काहीच म्हणाले नाहीत. शेवटचं मी म्हटलं. आणि ते खोटं होतं.

एवढं तुला लिहायचं नाही असंच मी ठरवलं होतं. गाडी विकून मोकळी होणार होते. परवा लेथवाल्या काकांना बोलावलं, म्हटलं, एकदा चालू करून बघा, घेणाऱ्याला दाखवायला लागेल. त्यांनी चालू केली. मी सवयीनं नळी घेतली. चौघे एकसारखे.

मी म्हटलं, 'भाऊजी, हे कसं? दर रविवारी स्क्रू फिरवत होते. पाच महिने. बिघडायला हवं होतं.'

काका बराच वेळ हात पुसत राहिले. 'वहिनी, बोलू का?'

'बोला. आता काय राहिलंय?'

'एप्रिलात तुम्ही डोळे तपासायला गेला होतात, तेव्हा मी माझी मीटरं आणली होती. चारांना चार लावली. काटे एका रेषेत. मी म्हटलं, अरे, झालंय की तुझं काम! तर म्हणाला, गाडी तयार आहे रे. मागे बसणारी अजून व्हायचीय. तिला बोलू नकोस.'

'आणि स्क्रू?'

'अर्धा फेरा उलटा, अर्धा सुलटा. होता तिथेच परत. मला करून दाखवलं होतं त्यानं, हसत.'

काका गेल्यावर मी त्या स्टुलावर बसले. ठमे, ते माझी वाट बघत होते. दर रविवारी विचारत होते, आणि दर रविवारी मी नाही म्हणत होते. आणि त्यांना वाटत होतं, वेळ आहे.

तर ते भंगार मी विकत नाही. चालवायला मला येत नाही. तुला येतं, त्यांनीच शिकवलंय. ने, नाहीतर राहू दे, पण भंगार म्हणू नकोस. खोलीही कुणाला देणार नाही.

येत्या गुरुवारी सकाळच्या ट्रेनचं तिकीट काढलं आहे. चार वाजून दहा मिनिटांनी पोहोचते. स्टेशनवर येऊ नकोस, पत्ता मला पाठ आहे. दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही उघडलंस तर मला बोलायला जागा नाही. दारात काय म्हणतात ते मला माहीत आहे, मीच म्हटलं होतं. मी जिन्यात बसेन. गुडघा दुखला तरी बसेन.

तिसरा ठीक आहे. मार्चपासून ठीक होता.

मधल्या स्टेशनावर मी उतरणार नाही.

आई