हिंदुरावांसाठी अर्क

१२ जानेवारी
आज पुण्यात आले. भोरची एस.टी. स्वारगेटला लागली तेव्हा विश्वजीत गाडी घेऊन हजर. नातू असावा तर असा. कोथरूडला पाचव्या मजल्यावर घर. लिफ्टमध्ये आरसा, म्हातारीने आपलंच तोंड किती वेळा बघायचं? नातसून ऋतुजा हसतमुख आहे, चहा मात्र पाणचट. विश्वजीतचा पानांचे अर्क काढून विकायचा धंदा. अडुळसा, निर्गुंडी, शेवगा. ही पानं त्याला मीच ओळखायला शिकवली. म्हणाला, आजी, तुझ्यावाचून अडतंय, आता गावाचं नाव काढू नकोस. मी म्हटलं, होळीला जाणार म्हणजे जाणार. घर माझं आहे, उंदरांना दिलेलं नाही.

१५ जानेवारी
गॅलरीतलं एक झाड मला ओळखू येईना. रुंद पान, काळपट देठ, कडू वास. रागच आला. विश्वजीत म्हणाला, दक्षिणेच्या जंगलातून आणलंय, इथल्या मातीत जगत नाही. त्याचाच अर्क रोज सकाळी चमचाभर देतो मला, गुडघ्यांसाठी. गुण आहे. आज जिना उतरून खाली गेले.

दुपारी ऋतुजाचे वडील आले, हिंदुराव. बिल्डर माणूस, पण दोन्ही किडन्या गेलेल्या. चाकाच्या खुर्चीतून आणले. म्हणाले, आजींची तब्येत झकास हां! बाजारात भाजी निवडतात तसे बघत होते.

२४ जानेवारी
जेवणावरची वासनाच गेली. उन्हात बसलं की पोट भरतं. ऋतुजाने माझं ताट घेणंच बंद केलंय. म्हटलं, अगं, मी उपास धरलेला नाही. ती म्हणाली, आजी, तुम्हाला ऊन मानवतंय.

ते जंगलातलं झाड वाळून गेलं. इतक्या लांबून आणलेलं, पण कुणाला हळहळ वाटलेली दिसली नाही.

२९ जानेवारी
भेंडी चिरताना विळी लागली. रक्त आलं नाही. हिरवट, पातळ, कडू वासाचं काहीतरी आलं. विश्वजीत धावत आत गेला. मला वाटलं, हळद आणतोय. त्याने वाटी आणली. बोट वाटीवर धरून थेंब सरेपर्यंत पिळलं. हळद नंतर.

विचारलं, हे काय रे? म्हणाला, औषधाचा परिणाम, जाईल. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. झाले.

३१ जानेवारी
हिंदुराव आज चालत आले. पेढे वाटले. मला दिला नाही.

विश्वजीतला म्हटलं, गावाला पोचव. म्हणाला, गाडी बिघडलीय. म्हटलं, एस.टी. कुठे बिघडलीय? उठून दाराला आतून कुलूप लावलं त्याने. किल्ली खिशात.

४ फेब्रुवारी
गॅलरीतून उठवत नाही. तळव्यांना पांढरे तंतू फुटलेत. एक तोडला — जीव गेला दुखून. ऋतुजा सकाळी पायांवर पाणी घालते. बेताने, सांडू न देता.

७ फेब्रुवारी
तिन्हीसांजेला दोघं आली. माझ्या पायांवर हळदकुंकू, अक्षता. वाटलं, पोरांना लाज वाटली, आता सोडतील. आशीर्वादाला हात उचलला —

मग विश्वजीत हात जोडून पुटपुटायला लागला. शब्द माझे. औषधाचं पान खुडायच्या आदल्या दिवशी झाडाला सांगून ठेवायचं — उद्या नेतो, अमक्याच्या दुखण्यासाठी नेतो, रागावू नकोस. त्याने नाव घेतलं. हिंदुरावांचं. सासऱ्याचं!

म्हटलं, मेल्या, आई गेल्यावर तुला कुणी वाढवला? त्याने वर पाहिलं नाही. झाडाचं कोण ऐकतं.

८ फेब्रुवारी
सकाळ. आत मिक्सर धुतायत.

ओरडले — नुसती सळसळ. समोरच्या गॅलरीतल्या बाईला हात केला. तिने ऋतुजाला विचारलं, काय सुंदर झाड आहे हो, कुठल्या नर्सरीतलं?

बोटं अजून — पेन धरवतंय — तोवर —

विळी आणली. तोडणाऱ्याने आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही, गुण जातो. हेही मीच — विश्वजीत बघून बघून बाजूला सरकतोय, ऊन सगळं माझ्यावरच ठेवून. एवढं मात्र पोराने नीट लक्षात