खिंडीच्या अलीकडे

४ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा तेच. तिसऱ्या वळणापर्यंत घोड्यासारखी, आणि खिंड समोर दिसली की धाप. पाय पार तळाला टेकवला तरी गाडी ढिम्म — इंजिन घुरघुरतंय, वेग मात्र उतरतोय. मागून मेंढ्या आल्या असत्या तर पुढे निघून गेल्या असत्या. बाजूला घेतली, बंद केली, वाट पाहिली. चावी फिरवली — काही झालंच नाही अशा थाटात चढली.

आई शेजारी. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. "थकली बिचारी," म्हणाली. गाडीला! आठवड्यातून तीन वेळा हिचं रक्त यानिना शहरातल्या इस्पितळात मशीनमधून धुऊन घ्यावं लागतं, आणि हिला दया येते पिकअपची.

पोचायला उशीर. नर्स आईला म्हणाली, "पोलिक्सेनीबाई, खुर्ची कुणासाठी थांबत नाही हो." डायलिसिस अर्धवटच झालं.

५ ऑक्टोबर

प्रोद्रोमोसकडे. गावातला एकुलता एक मेकॅनिक, म्हणून सर्वोत्तम. बॉनेट उघडून आत असा बघतो, जणू इंजिनाने त्याच्यापाशी पापांची कबुली द्यायची आहे.

"डिझेलचा फिल्टर. बघ, काळाठिक्कर. आस्पासिया, असलं पाणी तू प्यायली असतीस?"

बदलला. "आता अथेन्सपर्यंत जाईल."

मला अथेन्सला जायचं नाही. मला खिंड ओलांडायची आहे. दरड कोसळल्यापासून टॅक्सीवाले वर येत नाहीत, आणि अॅम्ब्युलन्स फक्त मेल्यासारखं दिसणाऱ्यांना मिळते. आई अजून लिपस्टिक लावते.

६ ऑक्टोबर, गुरुवार

चढली! न थांबता. आईने छातीवर क्रूस काढला. मी प्रोद्रोमोसला मनातल्या मनात माफ केलं.

८ ऑक्टोबर, शनिवार

माफी मागे घेतली. जाताना खिंडीच्या अलीकडे, येताना पुन्हा पलीकडच्या चढावर. येताना आई मशीनवरून उतरलेली, चेहरा मेणासारखा. काच खाली करून बसलो. खाली दरीत कुणीतरी लाकडं तोडत होतं, त्याचा आवाज येत होता. मी स्टिअरिंगला शिव्या घातल्या — छापता येणार नाहीत अशा. वर्तमानपत्रातल्या माझ्या आठवड्याच्या स्तंभात मी महापौरांबद्दल जे लिहिते ते याच्यापुढे स्तोत्र वाटावं.

"तुझ्या बापाची जीभ," आई म्हणाली.

"बापाकडे बैलगाडी होती. ती चढायची."

"तीही मीच ढकलायचे," म्हणाली.

९ ऑक्टोबर, रविवार

मिल्तोसचा फोन, स्टुटगार्टहून. धाकटा भाऊ. परदेशात राहून त्याच्या आवाजाला इस्त्री बसली आहे.

"ताई, हे असं चालणार नाही. इथे डायलिसिस घरापासून चार स्टॉपवर आहे. आता एक जरी दिवस चुकला ना, मी येऊन तिला घेऊन जाणार. मग भांडू नकोस."

त्याचं चुकतंय असं नाही, हेच वाईट.

आईला सांगितलं. ती बीन्स निवडत होती. हात थांबले नाहीत. "तिकडे मला मरायलासुद्धा दुभाषा लागेल," म्हणाली. थोड्या वेळाने: "मला इथून हलवू नका गं."

म्हणजे सगळं आता त्या पिकअपवर आलं. प्रेवेझाच्या कलिंगडवाल्याकडून घेतलेली. सीटखाली अजून बिया सापडतात.

११ ऑक्टोबर, मंगळवार

पोचलो. कसे ते लिहीत नाही.

१२ ऑक्टोबर

"पंप," प्रोद्रोमोस म्हणाला.

"आणि तो फिल्टर?"

"फिल्टरही होता. पण पंप जास्त होता."

डिझेल ओढणारा पंप काढला, दुसऱ्या मेलेल्या गाडीचा बसवला. मग हवेचे पाइप दाबून पाहिले, एका ठिकाणी चीर सापडली, तिच्यावर पट्टी आवळली. मग आम्ही दोघांनी त्सिपूरो, आमची द्राक्षांची दारू, घेतली, त्याने कामाच्या आनंदात, मी संशयात. "अथेन्सपर्यंत —" तो म्हणू लागला. मी ग्लास खाली ठेवला.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

पोचलोच नाही.

खिंडीखाली गाडी बंद पडली ती उठेना. उठली, पडली, उठली. फोनला रेंज नाही. खिंडीवर पोचून फोन लागला तोवर खुर्ची दुसऱ्याला दिलेली. गाडी वळवली. उतारावर अर्थात वाऱ्यासारखी!

घरी आल्यावर आईचे पाय चपलेबाहेर फुगलेले. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो, कणकेत राहतो तसा. आडवी झाली की दम लागतो, म्हणून उशांना टेकवून बसवली आहे. विनवण्या करून उद्याची एक रिकामी खुर्ची मिळवली.

मिल्तोसला सांगितलं नाही. आईनेही सांगितलं नाही. फोनवर त्याला म्हणाली, "छान झालं आज." इतकं सरळ खोटं तर आमचे आमदारही बोलत नाहीत.

१४ ऑक्टोबर

प्रोद्रोमोसच्या मेव्हण्याच्या कोंबड्यांच्या गाडीतून नेलं. पोचलो. आईच्या कोटाला पिसं. मेव्हणा म्हणाला, रोज नाही जमणार, कोंबड्यांनाही बाजार असतो.

१६ ऑक्टोबर, रविवार

देवळात गेले, कारण आई जाऊ शकली नाही आणि तिला प्रसादाचा पाव हवा होता. मी मेणबत्ती लावते ती सभ्यतेपोटी.

बाहेर बायकांचं कोंडाळं. सगळ्यांना सगळं माहीत — कोणत्या वळणावर, किती वेळ, मी कोणती शिवी दिली तेसुद्धा. झाफिरो मावशीने माझा हात धरला. आईची लहानपणापासूनची मैत्रीण, दोन्ही गुडघे गेलेले. "घाबरू नको पोरी. गाडी थांबली म्हणून आम्ही थांबलेलो नाही. उलट वाढवलंय."

मी समजले, प्रार्थना. म्हटलं वाढवा, डिझेलपेक्षा स्वस्त आहे.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा उशीर. पुन्हा अर्धवट. मिल्तोसने तिकीट काढलंय, पुढच्या महिन्याचं. माझ्याशी न बोलता. गावातून कुणीतरी कळवलं असणार.

१९ ऑक्टोबर

सापडलं. लिहिताना हसू येतंय.

प्रोद्रोमोस वैतागून म्हणाला, "आता टाकीलाच वगळतो." डिझेलचा कॅन माझ्या पायाशी ठेवला, त्यातून नळी थेट इंजिनाला, आणि मला खिंडीवर पिटाळलं. चढली. परत आले, पुन्हा पाठवलं. पुन्हा चढली, गाणं म्हणत. म्हणजे इंजिन निर्दोष. आजार पोटात.

टाकी उतरवली. आत, डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी — कापूस. बोळ्यांवर बोळे, काळे पडलेले, प्रत्येकाला लाल दोरा. चढावर इंजिन जोराने ओढायचं, कापूस तोंडाला चिकटायचा, इंजिन उपाशी. बंद केलं की कापूस सुटून बाजूला. म्हणून थोड्या वेळाने शहाणी.

"कुणी दुष्मनी केली," मी म्हटलं. महापौर डोळ्यांपुढे आले.

प्रोद्रोमोसने एक बोळा उचलला, दोरा पाहिला, आणि टोपी काढली. "दुष्मनी नाही गं. हे संत परास्केवीच्या दिव्याच्या तेलातलं आहे."

मीही ओळखलं मग. आजाऱ्याच्या कपाळाला लावायला देवळातून आणतात तोच कापूस. आईच्या उशाशी बशीभर आहे. ती आजारी म्हणून तिला. गाडी आजारी म्हणून गाडीला! टाकीच्या झाकणाला कुलूप नाही, आणि आमच्या घराजवळून देवळाचा रस्ता जातो. गाडी पडली की गाव कापूस टाकायचं. कापूस टाकला की गाडी पडायची. पडली की वाढवायचं.

पवित्र वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, जाळावी लागते. डिझेलमध्ये भिजलेली पवित्र वस्तू जाळताना प्रोद्रोमोसची डावी भुवई गेली.

२० ऑक्टोबर, गुरुवार

वेळेच्या आधी पोचलो. पूर्ण डायलिसिस. नर्सने घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं.

संध्याकाळी झाफिरो मावशीकडे. वाटेत वाक्यं तयार केली होती, एकेक धार लावून. तुमच्या भक्तीने माझी आई जर्मनीला चालली होती, वगैरे. दार उघडायलाच तिला इतका वेळ लागला — भिंतीला धरून, खुर्चीला धरून. देऊळ तिच्या घरापासून चढावर आहे.

"पोचलात आज?"

"पोचलो मावशी. टाकीतला कापूस —"

"कमी पडला होता का गं?"

तयार वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. "नाही," म्हटलं. "पुरला. आता एवढंच करा, माझ्या हातात देत जा. पुढे आरशाला बांधते. तिथून त्याला रस्ता दिसेल."

तिला पटलं. अंजिराचा मुरंबा खायला लावला. दोनदा.

२१ ऑक्टोबर

टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. आई खिडकीतून बघत होती.

"झाफिरोला सांगितलंस?"

"नाही. तुला माहीत होतं?"

"टाकतात ते माहीत होतं. बघितलंय की. त्याने बंद पडते हे मला काय कळणार? कळलं असतं तरी काय सांगणार होते तिला? की बाई, तुझी संत माझ्या गाडीच्या घशात अडकते?"

हसली. खूप दिवसांनी. मग म्हणाली, "थांबायचो तेव्हा बरं वाटायचं मला. कुणी सुई टोचत नव्हतं."

मी मिल्तोसला फोन करून सगळं सांगितलं. तोही हसला, इस्त्री मोडून. तिकीट रद्द करतो म्हणाला.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

वेळेत. आरशाला सात-आठ पुड्या लोंबतायत, वळणावर एकमेकींवर आपटतात. समोरचं अर्धं दिसत नाही. आई वाटभर डोळे मिटून. झोपली म्हणून रेडिओ बंद केला, तर म्हणाली, "जागी आहे."

२७ ऑक्टोबर, गुरुवार

वेळेत. जेवली नाही. पालकाची पाई ताटात तशीच.

२९ ऑक्टोबर, शनिवार

वेळेत. येताना खिंडीच्या अलीकडे आई म्हणाली, "थांबव जरा." "काही होतंय?" "काही नाही. थांबव." थांबवली. काच खाली केली. धुकं होतं, काही दिसत नव्हतं, तरी ती बघत राहिली. पाठीमागून लाकडाचा ट्रक आला, हॉर्न मारला, तेव्हा निघालो.

स्तंभ लिहायला बसले. गाडीवर लिहायचं ठरवलं होतं — संपादकांना विनोदी हवंय. जमलं नाही. महापौरांवर लिहिलं.

१ नोव्हेंबर, मंगळवार

आई गाडीत बसली नाही. कोट घातलेला, पर्स हातात, पण उंबऱ्यावरच उभी. "नको आता, आस्पासिया. आज नको म्हणजे गुरुवारीही नको. गाडी बिघडलेली होती तोवर सगळे गाडीचंच विचारत होते. मला जायचंय का, ते राहूनच गेलं."

मी खूप बोलले. ती आत गेली, कोट खुंटीला लावल्याचा आवाज आला. मी अंगणात उभी. इंजिन चालू होतं. कुठेही अडखळ नाही, आवाज अगदी स्वच्छ. मग बंद केलं.